नववीच्या बाकावरचा सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. नावावरून नाजूक वाटत असेन, पण बिडाच्या पायावर उभा असलेला चांगला वजनदार गडी आहे मी! सुप्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत माझा मुक्काम आहे. स्वतःचं कौतुक स्वतःच सांगू नये म्हणतात, पण मी सांगणार. माझ्यासारखं नशीब फार थोड्या सूक्ष्मदर्शकांच्या वाट्याला येतं.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. लाकडी पेटीतून इथं आलो, तेव्हा शाळेनं माझ्यापुढं नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. मग मला काचेच्या कपाटात उभं केलं आणि कुलूप लावलं. पाहुणे आले की मुख्याध्यापक बोट दाखवून म्हणायचे, "आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे बरं का." मीही छाती काढून उभा राहायचो. तेव्हा मला माझ्या चकाकीचाच तोरा होता.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढत. वैजनाथ सर तेव्हा विज्ञान शिकवायचे. खरं तर ते गणिताचे. शिक्षक कमी म्हणून विज्ञान त्यांच्या अंगावर पडलेलं. अठ्ठावन्न पोरं माझ्यासमोर रांगेत उभी राहायची. एकेकानं वाकायचं, एक डोळा हातानं दाबून दुसरा मला लावायचा.

"दिसलं का?"

"हो सर."

"चला, पुढं."

एका तासात अख्खा वर्ग उरकायचा. नंतर सर फळ्यावर कांद्याच्या पेशी काढायचे, विटा रचल्यासारख्या सरळ. पोरं ती आकृती प्रयोगवहीत उतरवून घ्यायची. आणि गंमत सांगू? माझा आरसा भिंतीकडं वळलेला असायचा. आत मिट्ट काळोख! कुणाला स्वतःच्या पापण्या दिसायच्या तेवढ्याच. तरी सगळ्यांना सगळं दिसलेलं असायचं. मला लाज वाटायची, पण मला कोण विचारतंय?

यंदा वैजनाथ सर मुख्याध्यापक झाले आणि विज्ञानाला कल्याण सर आले. तरुण, हसरे, पण त्यांनीही पहिल्या दिवशी रांगच लावली. पाचव्या नंबरला सुमैरा होती. हिचे वडील सुप्याच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतात. तिनं डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"दिसलं का?"

"न्हाई दिसलं, सर."

वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "नीट बघ."

"नीटच बघितलं. नुसतं काळं हाय."

मग सरांनी स्वतः डोळा लावला. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता पोरीला बोलणी बसणार. पण सर म्हणाले, "खरंच की! मलाही काही दिसत नाही. का दिसत नसेल? शोधा बरं तुम्हीच." आणि चक्क मागच्या बाकावर जाऊन बसले.

दोन तास पोरांनी मला खाली-वर, उलटासुलटा केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इतकं हाताळत होतं! शेवटी हर्षलनं आरसा खिडकीकडं फिरवला आणि ओरडला, "उजाडलं!" त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हापासून सहा-सहा जणांचे गट झाले. कुणी घरच्या वावरातला कांदा आणायचं, कुणी शेळीचा केस, कुणी पाण्याच्या टाकीतला थेंब. बघायचं, जे दिसेल तेच वहीत काढायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर भांडायचं. कल्याण सर उत्तर सांगायचेच नाहीत. बाकांमधून फिरत उलटे प्रश्न विचारायचे, पोरं वैतागायची आणि पुन्हा मलाच येऊन चिकटायची.

यात नुकसानही झालं. घाईत एकानं मोठं भिंग स्लाइडवर आदळलं. काच तडकली, भिंगाला ओरखडा आला. शिवाय गलका एवढा की शेजारच्या दहावीला शिकवलेलं ऐकू येईना. भरीला घटक चाचणी तोंडावर आणि दोन पाठ मागं पडलेले. वैजनाथ सर एक दिवस दारात येऊन म्हणाले, "शनिवारी मी येऊन बघतो. पटलं नाही, तर सोमवारपासून यंत्र कपाटात. आणि तुम्ही फळ्यावर शिकवायचं, कल्याण सर."

खोटं कशाला बोलू, माझं धाबं दणाणलं. पुन्हा ते कपाट? एकदा हातांची सवय लागल्यावर कुलपाआड कसं राहायचं?

शनिवारी सकाळची शाळा. सुमैराची पाळी होती. तिनं आरसा खिडकीकडं फिरवला, पण कांद्याचा पापुद्रा अजून तिच्या चिमट्यातच होता. तेवढ्यात वैजनाथ सर आले. वर्ग उभा राहिला. सर तडक माझ्याकडं आले, वाकले, तीन सेकंद डोळा लावला.

"वा! पेशी अगदी स्पष्ट दिसतात."

कल्याण सर जमिनीकडं बघायला लागले. मी मनात म्हणत होतो, 'अगं सुमैरा, गप्प बस. नुसतं हो म्हण, आपल्या सगळ्यांचं भलं होईल.' एवढा भित्रा निघालो मी!

पण सुमैरा बोललीच. "सर, स्लाइड अजून ठिवलीच न्हाई मी."

वैजनाथ सर सावकाश ताठ झाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बाक ओढून खाली बसले.

"ठेव मग," ते म्हणाले.

तिनं पापुद्रा पसरला, आयोडीनचा थेंब टाकला. "सर, दुसरा डोळा मिटू नका. आन् स्क्रू खाली न्हाई, वर फिरवा. खाली फिरवला की भिंग आदळतं. आमी एकदा काच फोडलीय."

सर फिरवत राहिले. कितीतरी वेळ. मग हळूच म्हणाले, "तिरप्या आहेत गं या. मी इतकी वर्षं फळ्यावर सरळ काढल्या."

कुणी हसलं नाही. डोळा न काढताच ते म्हणाले, "मी नववीत होतो तेव्हा आमच्या सरांनीही 'दिसलं का' असंच विचारलं होतं. मीही हो म्हणालो होतो." तास संपल्याची घंटा झाली, तरी ते उठले नाहीत.

आज सोमवार. सकाळी शिपाई आला तेव्हा मला कपाटच आठवलं. पण त्याच्या हातात कुलूप नव्हतं, वही होती. मागोमाग वैजनाथ सर आले. शनिवारी बघितलेल्या पेशी त्यांनी रविवारी घरी बसून वहीत काढल्या होत्या. वही सुमैरापुढं ठेवून ते म्हणाले, "तपास."

सुमैरानं बराच वेळ बघितलं आणि एका पेशीवर बोट ठेवलं. "सर, ही विटेसारखी सरळ हाय. ही तुमी बघून न्हाई काढली. पुन्हा बघा."

तर मी हा असा आहे. ओरखडलेला, तेलकट, डोळ्याच्या जागी काजळाचे डाग. अंबाल्याहून आलो तेव्हाही इतका रुबाबदार नव्हतो! तुमच्या शाळेच्या कपाटात माझं एखादं भावंड चकाकत असेल, तर एवढं करा, त्याला पोरांच्या हाती द्या. मोडलं तर मोडलं.

आता पुरे करतो. मी हललो की चित्र हलतं, आणि वैजनाथ सर केव्हापासून डोळा लावून बसलेत.