पाणओसरी

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई कपड्यांना इस्त्री करत होती. गॅरेजवर ये, काही झालेलं नाही, पण आजच ये, एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. एरवी तो आपणहून फोन करणाऱ्यातला नव्हे. इस्त्री बंद करून ताई तशीच निघाली.

गॅरेजच्या मागे दुरुस्तीच्या गाड्यांची कायम दाटी असे. आज त्या सगळ्या रस्त्यावर काढलेल्या होत्या आणि गिऱ्हाइकं कुरकुरत होती. मागच्या सखल कोपऱ्यात साचलेलं पाणी नुकतंच आटलं होतं, आणि त्या ओल्या चिखलावर बोटाच्या पेराएवढी निळी फुलं दाटली होती.

ताई चिखलाच्या कडेला उकिडवी बसली. "पाणओसरी," ती म्हणाली.

हे नाव आईनं ठेवलेलं. खरं नाव त्यांना कधी कळलंच नाही. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. सुट्टीला ती दोघांना घेऊन वस्तीबाहेरच्या माळावर जायची. तिथलं तळं ओसरू लागलं की पाण्याच्या मागोमाग ही फुलं आत आत सरकत जायची. घरात जिच्या नुसत्या डोळ्यांचा धाक, ती आई तिथे पोरीसारखी खिदळायची. एकदा भाऊ गुडघ्यापर्यंत रुतला, तर त्याला ओढायचं सोडून ती हसून हसून चिखलातच बसली होती.

पुढे आई गेली. माळावर इमारती उठल्या. पाया खणताना निघालेली माती भावानं गॅरेजमागचा खड्डा बुजवायला आणली होती. बी त्यातूनच आलेलं.

"आधी वाटलं, मला भास होतोय," तो म्हणाला. "पण हे दाखवायचं कुणाला? आईला तसं हसताना बघितलेलं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय?"

चपला काढून ताई सरळ चिखलात उतरली, आणि पँट दुमडत तोही मागोमाग.

तिथे काँक्रीट घालायचं ठरलं होतं. बी पिकेपर्यंत भावानं ते लांबवलं. मग वरचा चिखल खरवडून दोघांनी तो ताईच्या गच्चीवर एका जुन्या टबात भरला. ती त्यात पाणी तुंबवायची नि पुन्हा आटू द्यायची. शेजारीण म्हणाली, डास पाळलेत वाटतं.

पुढच्या वर्षी टबभर नुसतं गवत माजलं आणि त्यात जेमतेम एक फूल आलं. भाऊ ग्रीसचे हात न धुताच आला. आईच्या रागाचे एकेक किस्से निघाले, आणि अंधारून आलं तरी कुणाला उठवेना.