नाव साहेबांचं, ठोके म्हाळूचे

मी एक जुना आरोग्यपट्टा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे वर्षभराचाच. पण एवढ्यातच मला माणसांची शिसारी आली आहे. मनगटावर बसायचं, नाडीचे ठोके आणि पावलं मोजायची, फोन जवळ आला की सगळं डॉक्टरांना कळवायचं, हे माझं काम. खाणं तर चिमणीएवढं! एकदा विजेनं पोट भरलं की महिनाभर काही मागत नाही.

बीडच्या एका डॉक्टरांनी मला लिंबागणेशच्या विजयसिंह साहेबांच्या हवाली केलं. साहेब पुढारी, जिना चढताना धापा टाकायचे. "रोज आठ हजार पावलं चाला," डॉक्टर म्हणाले. आता साहेबांचा कपिलधारचा नवससुद्धा त्यांचा गडी म्हाळू अनवाणी चालून फेडायचा, तिथं आठ हजार पावलांचं काय घेऊन बसलात!

"म्हाळू, बांध बे हे हाताला."

"पर मालक, नाडी तर माझी हाय."

"नाडी समद्यांची सारखीच आसती. बांध!"

म्हाळूच्या मनगटाला शेणाचा, घामाचा वास यायचा. त्याची किळस मला कधी आली नाही. तो वैरण वाहायचा, मी मोजायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे ठोके चुकू लागले. मध्येच थांबायचे, मग एकदम उधळायचे. मी इमानानं सगळं कळवलं. नाव मात्र साहेबांचं गेलं.

"आत्ताच्या आत्ता या," डॉक्टरांचा फोन आला. साहेब पांढरेफटक पडले. म्हाळूच्या हातातून मला ओढून स्वतः घातलं आणि मांजरसुंब्याला चहालाही न थांबता बीड गाठलं.

तपासण्या झाल्या. काळीज ठणठणीत! डॉक्टर बुचकळ्यात पडले. "पट्टा तुम्हीच घालत होतात ना?"

साहेब एक वाक्य खरं बोलले असते, तर म्हाळूवर इलाज झाला असता. पण भोवती कार्यकर्ते उभे होते.

"म्हंजे काय, मीच! तुमचं मशीनच भंगार हाय."

शी! लबाडी यांची आणि भंगार मी!

साहेब वाचले म्हणून गावात पेढे वाटले. खोकी उचलायला म्हाळूच. साहेबांनी मला गाडीच्या खणात भिरकावलं होतं, त्या उघड्या खणातून मी बघत होतो. तो छाती धरून पायरीवर टेकला. त्याची बायको रुक्मिणीबाई धावली.

"आवं, कावून आसं करताय?"

"काय न्हाई गं. मालकाचं काळीज लई चांगलं निघालं म्हनं. पेढा खा."

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. खुशाल उकिरड्यावर फेका. पण आधी म्हाळूला दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना सांगा, ती नाडी याची होती.