जाळ्यांना दिलेली खोली

मी कोपरच्या खाडीकाठी उभा असलेला एक जुना संडास आहे. नाक दाबू नका, मित्रांनो. गेली तीन वर्षं माझ्यात फक्त मासळीच्या जाळ्यांचा वास होता.

माझा जन्म गंगुबाईच्या हट्टातून झाला. गावात मला जागा मिळेना, तेव्हा या कोळणीने सुकट वाळवायची आपली जागा देऊन टाकली. लेकीसुनांनी अंधारात तिवरांच्या झाडीत किती वर्षं जायचं, असं तिने चारचौघांत विचारलं होतं. सुरुवातीला तीच मला रोज खराट्याने घासायची. घरी पाहुणे आले की आधी मला दाखवायची. मला वाटे, मी तिच्या घरातलाच एक आहे.

मग मला पाणी पुरवणारी मोटर जळली. ती कोणी दुरुस्त केली नाही. त्याच सुमारास घरात उंदरांनी तिच्या मुलाचं, नामाचं, जाळं कुरतडलं. चार दिवसांपुरती म्हणून नामाने जादाची जाळी माझ्यात रचली, ती तिथेच राहिली. कुलूप गंगुबाईनेच आणून दिलं. माणसं पुन्हा तिवरांत जाऊ लागली. ओहोटीला बायका त्याच चिखलातून खाण्यासाठी खुबे-शिंपले वेचत. भरतीचं पाणी सगळी घाण दारापर्यंत आणी आणि पोरं त्यात खेळत.

यंदा गंगुबाईच्या नातीला, समृद्धीला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तिला कल्याणच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका मेघाली चौकशीला आली. माझ्यासमोरच उभं राहून तिने विचारलं, "आजी, घरची माणसं जातात कुठे?"

गंगुबाईने पाठीआड माझं कुलूप झाकलं. "यातच जातात सगली. आमी काय जंगली हाव?"

मेघालीने ते वहीत लिहिलं आणि नळाचं पाणी तपासायला निघून गेली. मित्रांनो, मला कोणी वापरत नाही हे मी सोसलं होतं. पण जिने मला आणलं, तीच माझ्या आडून खोटं बोलली. तेही आजारी नातीसाठी आलेल्या बाईशी.

आठ दिवसांनी समृद्धी परतली ती पार वाळून. सकाळी पाण्याचा डबा घेऊन तिवरांकडे निघाली, पण पाय लटपटले आणि माझ्या पायरीवरच बसली.

"आजी, तिथवर चालवत नाय गं. चावी दे."

"न् जाळी कुठं ठेवू?"

"माझ्या खाटेवर ठेव. मी परत दवाखान्यात गेले की रिकामीच हाय."

गंगुबाई घरातून चावी घेऊन आली. ती गंजलेल्या कुलपात फिरेना, तेव्हा तिने वरवंटा आणून ते फोडलं. जाळी बाहेर ओढली, दोन हंडे पाणी ओतलं, नातीला हात धरून आत नेलं. मग पायरीवर बसून नामाला म्हणाली, "त्या मेघालीला फोन लाव. मी खोटं बोललेली, सांगते तिला."

माझा राग अजून गेलेला नाही. मोटर तशीच बंद आहे. मित्रांनो, मला बांधून विसरू नका. पाणी द्या, दार उघडं ठेवा. आणि कोणी विचारलं, कुठे जाता, तर लाज बाजूला ठेवून खरं सांगा.