कोपऱ्यातला घास

मंगळवारी सकाळी दाढी करताना तात्यांचा डावा कोपर विरला. रक्त आलं नाही, दुखलंही नाही. धुऊन धुऊन जुनं धोतर जाळीदार होतं तसा तो झाला आणि त्यातून पलीकडच्या खिडकीचे गज दिसू लागले.

"अगं, हे बघ जरा," तात्या म्हणाले.

इंदूआक्कांनी चष्मा लावला. जुनी लुगडी, शर्ट, परकर जोडून वाकळा शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कापड कुठवर टिकेल ते त्यांचं बोट सांगे.

"हलू नका. ताण पडला तर फाटेल," त्या म्हणाल्या आणि सुई आणायला उठल्या.

नुसतं ठिगळ विरल्या जागी टिकत नाही. आक्कांनी आपल्या जुन्या लुगड्याचे दोन पदर घेतले, मध्ये चिंध्या भरल्या आणि चारी बाजूंनी धावदोरा घातला. गॅसवर दूध वर येत होतं, म्हणून शेवटचे टाके त्यांनी घाईनं उरकले.

"झालं. बसा आता."

"भूक लागलीय गं," तात्या म्हणाले.

आक्कांनी जेवायला वाढलं. तात्या पोटभर जेवले आणि हात धुऊन पुन्हा म्हणाले, "भूक लागलीय."

दुपारी खांदा विरला. दिवेलागणीला दोन्ही गुडघे.

तात्या इस्त्रीवाले. तासगावच्या त्या गल्लीतला एकही सदरा असा नव्हता, की जो त्यांच्या टेबलावर आडवा झाला नव्हता. लग्नातला, मुलाखतीतला, देवळातल्या सत्काराचा. कपडा हाती आला की आतलं माणूस त्यांना कळे, आणि ते कुणाला सांगत नसत. एवढी एकच गोष्ट आक्कांना त्यांच्यात कधी पटली नाही. गल्लीतल्या साऱ्या बातम्या घरात इस्त्री होऊन पडलेल्या, आणि आक्कांच्या कानावर एक येऊ नये.

घरातल्या चिंध्या संपल्या तशा आक्का बाहेर पडल्या. पहिलं दार कदमबाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, जपून हसणाऱ्या. त्यांनी कपाटातून कोरं ब्लाऊजपीस काढलं. कधीतरी हळदीकुंकवात मिळालेलं, आणि रंग असा, की पुढे कुणाला द्यायचं बाईंना धाडस झालं नव्हतं.

"कोरं चालत नाही, बाई. आटतं आणि जुन्याला ओढतं."

"जुनं मी अजून वापरतेय, आक्का."

"मग वापरा," आक्का म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

म्हेत्रेबापू एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांनी अंगणातल्या दोरीवरचा खाकी शर्ट ओढून दिला. "ह्यानं आता गाडी पुसतो मी. पण मुलीच्या साखरपुड्याला कामावरनं थेट गेलो होतो, तेव्हा तात्यांनी हाच माझ्या अंगावर असताना कडक करून दिलेला. व्याह्यांना वाटलं, साहेबच आले."

खाकी गुडघ्यांना बसली. तेव्हापासून तात्यांचा उजवा पाय अधूनमधून ब्रेक दाबू लागला.

"उतार आलाय का, बापू?" तात्या विचारत.

"बोरगावचा," बापू सांगत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेजारच्या रशीदाभाभी मागायच्या आधीच आल्या. वाकळ घालायला त्या आक्कांकडेच शिकलेल्या. त्यांच्या हातात अम्मीची ओढणी होती. अम्मीचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

"छातीला हे लावा आक्का. मऊ आहे."

"ठेवा भाभी. एवढीच तर आहे."

"पेटीत ठेवून काय करू? अम्मीला तात्यांचा हात माहीत आहे. ओढणीचा काठ कधी जळू दिला नाही त्यांनी."

ओढणी लावली तशी खोलीभर अत्तराचा वास सुटला. तात्यांनी लांब श्वास घेतला तेव्हा ती छातीवर वर-खाली झाली आणि भाभी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग गल्लीच लोटली. कुणी बाह्या आणल्या, कुणी शाळेच्या गणवेशाचे खिसे. देताना प्रत्येक जण वाकून तात्यांना काहीतरी सांगे. आक्कांना या लोकांची चांगलीच ओळख होती. वाटीभर साखर नेऊन वाटी तेवढी परत आणणारी माणसं. पण आता कुणाच्या हातात चोळामोळा केलेलं काही नव्हतं. सगळ्यांनी कपडे धुऊन, घडी घालून आणले होते.

सगळ्यांत शेवटी कदमबाई आल्या. हातात फिकट निळी साडी. "नोकरीच्या पहिल्या दिवशीची. वाटेत भिजले होते. तात्यांनी इस्त्रीनं वाळवून दिली आणि मला म्हणाले, आता जा. मी गेले, ती गेलेच. परत येऊन बोलायचं राहिलं."

"सातवी निरी उलटी होती," तात्या म्हणाले. "मी सरळ केली."

बाई बराच वेळ साडीचा पदर धरून होत्या. मग त्यांनी तो सोडला.

जितकी ठिगळं लागली तितके तात्या रुंद झाले. आधी खाटेवर मावेनात, म्हणून खाली जमिनीवर घेतलं. मग त्यांचा काठ चारी भिंतींना टेकला आणि भिंतींवर चढू लागला. आक्कांना बसायला उंबऱ्याजवळची पाटाएवढी जागा उरली. तात्यांचं बोलणं आता कदमबाईंच्या साडीखालून कुठूनतरी येई.

"उबदार आहे गं इथं. सगळ्यांचं लागलंय. सांग त्यांना, फार केलंत म्हणून."

"सांगते."

"पण भूक लागलीय."

आणि विरणं काही थांबत नव्हतं. एक ठिगळ पुरं होईतो त्याच्या शेजारची जागा पातळ होई. तात्यांचं स्वतःचं असं आता थोडंच उरलं होतं. तेही संपलं, की शिवायचं कशाला, हे आक्कांना सांगावं लागत नव्हतं.

दारातून रशीदाभाभींनी हळूच विचारलं, "आक्का, घास घातला होता ना?"

आक्कांचा हात थांबला.

वाकळ पुरी होताना शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा असतो. उपाशी वाकळ ऊब देत नाही, ऊब खाते. गल्लीतल्या लेकीसुनांना हे आक्कांनीच शिकवलं होतं, चुकलेल्यांना चारचौघींत बोलल्या होत्या. आणि मंगळवारी, दूध वर येत होतं म्हणून, त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचं पहिलं ठिगळ उपाशी मिटवलं होतं.

भाभींनी आपल्या घरी ज्वारीची भाकरी थापली. आक्कांनी तिचा कडेचा, खरपूस तुकडा मोडला. तात्यांना तोच आवडे, आणि इतकी वर्षं तो त्यांनी न मागता आक्कांच्या ताटात सरकवला होता. आक्कांनी तो खाल्ला होता. त्यावर कधी काही बोलल्या नव्हत्या. आभार मानणं हे परक्यांचं काम, अशी त्यांची समजूत होती.

कोपराचं ते पहिलं, लुगड्याचं ठिगळ आता उंबऱ्याकडच्या टोकाला आलं होतं. त्यांनी त्याची एक बाजू उसवली. आत काळोख होता आणि ऊन ऊन वाफ येत होती. तुकड्याला तूप लावून त्यांनी हात मनगटापर्यंत आत घातला.

"घ्या," त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी म्हणायचं होतं. "घ्या हो. आजवर माझ्याच ताटात आला."

आतून दोन बोटांनी घास घेतला. चावल्याचा आवाज आला. भिंतींवर चढलेला काठ जरासा खाली उतरला आणि दारातल्या साऱ्या गल्लीनं श्वास सोडला.

"लागली का गोड?" आक्कांनी विचारलं.

"लागली," तात्या म्हणाले. भूक लागल्याचं म्हणाले नाहीत.

तोवर उसवल्या टोकापासून धागे सुटू लागले होते. ओढणीच्या दिशेनं एकेक टाका निसटत चालला होता.

"आक्का, मिटवा आता," कदमबाई म्हणाल्या. "सगळंच उसवेल."

रशीदाभाभींनी दोरा ओवून सुई त्यांच्या डाव्या हातात दिली. आक्कांनी उजवा हात बाहेर ओढू पाहिला. आतल्या बोटांनी त्यांचं बोट धरलं होतं आणि ती सोडत नव्हती.