बाळाच्या मापाची उशी

आमचं तळं पक्ष्यांसाठी राखीव झालं, मी राखणदार झालो आणि तेव्हापासून पाणकणसाशी माझं वैर आहे. वरून तपकिरी कणसं झोकात डुलतात, खाली मुळ्या अख्खं पाणी अडवून बसतात. हळदीकुंकू बदकांना पोहायला जागा उरत नाही. म्हणून थंडी सरताना आम्ही ते कापतो. यंदा पिंपळाखालचा कोपरा काढायचा होता. तिथं तर नुसतं रान माजलं होतं.

"तेवढं राहू द्या," माझी बायको गिरिजा म्हणाली.

"का? तिथं काय तुझं माहेर हाय का?"

एरवी तिनं मला चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज ती खाली बसली आणि रडायला लागली.

आमच्या लेकीला, मोनालीला, दिवस गेले, की गिरिजा पाणकणसाचा कापूस भरून बाळासाठी उशी शिवायची. तिच्या माहेरची रीत. बाळ आलंच नाही, तर ती उशी घरात ठेवत नाहीत, कापूस तळ्याकाठी सोडून देतात. मोनालीचं मूल दोनदा पोटातच गेलं. दोन्ही वेळा गिरिजानं पिंपळाखाली उशी उसवली. त्या कापसात बी असतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात राहणार?

"तिथं उगवलं तव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "कायतरी तर वाढून राह्यलं."

मोनालीचं तिसरंही नुकतंच गेलं होतं. दवाखान्यातून आली तशी ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली, पण डोळ्याला डोळा नव्हता. तिनं आमचं सगळं बोलणं ऐकलं.

सकाळी मी विळा घेऊन पाण्यात उतरलो खरा, पण हात काही चालेना. तेवढ्यात मोनाली काठावर आली. हातात तिसरी उशी होती.

"कापा, बाबा. बदकायची पिल्लं तरी जगू द्या."

"अन् ही उशी?"

"ही न्हाई सोडायची."

मी कापत गेलो. रडू आवरलं नाही, मी आवरायला गेलोही नाही.

दुपारी मोनाली ती उशी घेऊन आडवी झाली. डोकं काही तिच्यावर मावेना.

"मोठी करून देऊ का गं?" गिरिजानं विचारलं.

"न्हाई, आई. एवढीच असू दे."

तिनं उशी गालाखाली घेतली आणि तिचा डोळा लागला. गिरिजा शेजारी बसून पदरानं माशा वारत राहिली.