दोनदा आलेली नवमी

मी एक जुने पंचांग आहे, मित्रांनो. माझ्या पाठीचा दोरा उसवला आहे, एक कोपरा कसरीने खाल्ला आहे आणि माघ महिन्याच्या पानावर हळदीचे बोट उमटले आहे. तसे पंचांगाचे आयुष्य एका वर्षाचे. पाडव्याला आम्ही घरात येतो, आमची पूजा होते, आणि पुढच्या पाडव्याला नवे पंचांग आले की आम्हाला खाडीत सोडून देतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पण मी मात्र आज नऊ वर्षांचा आहे. ते कसे, हे तुम्हाला सांगायचे आहे. विशेषतः तुमच्यापैकी जे परीक्षा देऊन दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत जाऊ पाहतात, त्यांना.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. तिथले विठोबा नावाचे म्हातारे कामगार अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून माझी पाने जुळवत. माघाच्या पानावर ते अडले. चष्मा कपाळावर सरकवून मालकांना म्हणाले, "अहो, इथे नवमी दोनदा आली. चूक आहे का?"

"चूक नाही, विठोबा. चंद्र काय आपल्या घड्याळावर चालतो? कधी घाई करतो, कधी रमतगमत जातो. रमला की एकच तिथी दोन दिवस सूर्योदयाला सापडते."

"मग तारीख?"

"तारीख कुणासाठी थांबत नाही."

ओल्या शाईत मी हे ऐकले, आणि आपल्यातच कुठे तरी छापून ठेवले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी उरणच्या बाजारातून धर्माजीने मला घरी नेले. धर्माजी शेवे गावचा. पावसाळ्यात भात आणि उरलेले आठ महिने मीठ, असे त्याचे काम. मला अक्षरांची सवय. त्याला वाचता येत नव्हते. पण तिथ्या त्याच्या बोटांच्या पेरांवर असत. कोणत्या तिथीला भरती किती वाजता, उधाण केव्हा, मिठागराच्या बांधातले लाकडी दार उघडून समुद्राचे पाणी आत केव्हा घ्यायचे, हे सारे तो मला न उघडता सांगे. त्यामुळे मी बहुतेक खुंटीवरच असे. एखादे बारसे, एखादे लग्न, तेवढ्यापुरता मी खाली उतरे. मला राग येत नसे. त्याचा हिशेब माझ्याशी जुळतो, याचा उलट अभिमानच वाटे.

धर्माजीची मुलगी राही दहा वर्षांची होती. पायाच्या टाचा मिठाने फाटलेल्या, आणि पाऊणकीचा पाढा तोंडपाठ. शाळेतले दत्तात्रेय गुरुजी एक दिवस घरी येऊन म्हणाले, "धर्माजी, पुण्याकडे मुलींची एक निवासी शाळा आहे. राहणे, जेवण, शिकणे, सगळे तिथेच. वीस जागा आणि दोनशेवर अर्ज. पण आपली राही त्या विसात बसेल."

शेजारची ठमाबाई दारातूनच म्हणाली, "पोरीला पुन्याला धाडाल, मंग मीठ कोन वढंल? मास्तर?"

"मी वढीन," राहीची आई मनुबाई आतून म्हणाली. तिच्या मांडीवर तान्हा अनंता होता. "आजवर कोन वढतंय?"

ठमाबाई हसत निघून गेली. अर्ज गेला. 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपुढे गुरुजींनी नीट अक्षरात 'शेती' लिहिले. राहीला वाटले, मीठही लिहायला हवे होते. पण गुरुजींना कसे सांगायचे?

माघ शुद्ध पंचमीला उत्तर आले. गुरुजींनी पत्र मोठ्याने वाचले. परीक्षा बारा तारखेला, सकाळी अकराला, दादरच्या एका शाळेत. "आज चार तारीख. म्हणजे आजपासून आठ दिवसांनी," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी अलिबागला गेले. शाळा बंद झाली.

धर्माजीने पेरांवर अंगठा फिरवला. "आज पाचमी. आठ दिवसांनी तेरस. तेरशीला सकाळी भरती. मोऱ्याच्या बंदरात मुंबईची लाँच अगदी धक्क्याला लागंल. देवानंच दिवस धाडलाय!"

मनुबाईने ते पत्र माघाच्या पानात ठेवले. पानाला हळदीचे बोट लावले. मग लग्नातल्या जुन्या लाल खणाच्या फडक्यात मला बांधले आणि देवापाशी ठेवले. "आता जायाच्या दिशीच सोडायचं. उगा येताजाता कुनाची नजर लागंल."

राही म्हणाली, "आये, पुन्हा एकदा वाचू दे ना."

"वाचलंस ना एकदा? बा हाय की मोजायला."

बापाचे पाणी कधी चुकत नाही, हे राहीने जन्मल्यापासून पाहिले होते. तिने हट्ट सोडला. मी फडक्याच्या आत. नवमी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवमी आली. देवळातून येऊन धर्माजी म्हणाला, "आज परत नवमीच हाय म्हनं," आणि मिठावर निघून गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला हात असते तर मी ती गाठ आतून सोडली असती. त्याचा चंद्र एक दिवस थांबला होता. परीक्षा थांबली नव्हती.

तेरशीला उजाडताच तिघे जण मोऱ्याला आले. धर्माजी, राही आणि फडक्यात मी. लाँच सुटली, धक्का मागे गेला, आणि राहीने मोठ्या आनंदाने गाठ सोडली. पत्र वाचले. मग माझे पान वाचले. तिचे बोट तारखांवरून खाली आले आणि बारावर थांबले. बारापुढे द्वादशी होती. त्रयोदशीपुढे तेरा.

"बा," ती म्हणाली, "परीक्षा काल झाली."

धर्माजीने पेरे मोजली. पुन्हा मोजली. मग हात मांडीवर ठेवून तो पाण्याकडे पाहत राहिला. शेजारी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकले आणि मायेनेच सुचवले, "त्यात काय एवढे? पोरीला ताप होता म्हणून सांगा. आमच्या ओळखीचा डॉक्टर आहे, कागद देईल. कोण बघायला येतंय?"

धर्माजीने राहीकडे पाहिले. राहीने मला छातीशी धरले. मला तिचे काळीज ऐकू येत होते.

दादरच्या त्या शाळेत बाके रिकामी होती. एक बाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या. त्या वसतिगृहाच्या वेणूबाई. पांढरे पातळ, कपाळ मोकळे, मनगटावर पुरुषी घड्याळ.

धर्माजी हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, पोरीला... पोरीला काल..."

राहीने मला टेबलावर ठेवले आणि माघाचे पान उघडले. "मला ताप नव्हता. आम्ही तिथीनं मोजलं. नवमी दोनदा आली आणि आमचा एक दिवस गेला."

वेणूबाईंनी पान पाहिले. "पत्रात तारीख होती. वाचली नाहीस?"

"एकदा वाचली. मग आयेनं पत्र बांधून ठेवलं."

"आणि तू बांधू दिलंस."

"व्हय," राही हळूच म्हणाली.

बाईंनी हातातला गठ्ठा बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारले, "तिथीने तुम्ही काय काय मोजता?"

"भरती. तिथीची पाऊणकी म्हणायची. आज तेरस, तेराची पाऊणकी पावणेदहा. म्हंजे सकाळी पावणेदहाला भरती. अष्टमीला सहाला."

"भरतीचे शेतीत काय काम?"

राहीने बापाकडे पाहिले. "शेती चार महिने. बाकी आम्ही मीठ काढतो. अर्जात नाही लिहिलं. मीठ म्हटलं तर हसतील म्हणून."

"कोण हसेल? ज्यांच्या घरात आमटी अळणी असते ते?"

धर्माजीला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही. मलाही वाटले की आता बाई पेपर देतील. पण त्या म्हणाल्या, "राही, आज पेपर देता येणार नाही. काल दोनशे मुली वेळेवर आल्या. त्यांतली एक रात्रभर एस.टी.त बसून आली. तिला मी काय सांगू? तुझे वय बारापर्यंत चालते. तू पुढच्या वर्षी ये." त्यांनी टाक उचलला आणि माझ्या मुखपृष्ठाच्या आत लिहिले: 'राही धर्माजी, शेवे. पुढचा अर्ज जानेवारीत. धंदा: मीठ. पत्र उघडे ठेवणे.'

राही तिथे रडली नाही. परतीच्या लाँचमध्ये रडली. धर्माजी म्हणाला, "पान्यानं मना कदी फसवलं न्हाय गं. मीच तुला फसवलं."

नाक पुसून ती म्हणाली, "तू बरोबर मोजलंस, बा. पण ते आपल्याकडं मोजायचं. तिकडचं मी मोजायला पायजे होतं."

घरी मनुबाईने सगळे ऐकून घेतले. माझ्यावरचे फडके काढून तिने ते घडी करून बाजूला ठेवले. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र तिने सुपात मूठभर मीठ पसरले आणि राहीपुढे ठेवले. "मला आकडे शिकव. तुला वाचायचं व्हतं आन् मी गाठ मारली. आता मला कळाया पायजे मी काय बांधलं ते."

मित्रांनो, मी छापखान्यात जन्मलो, पण अक्षर जन्मताना पाहिले ते त्या सुपात. अनंताला मांडीवर थोपटत, एका बोटाने मनुबाई मिठात एक काढी, दोन काढी. चार तिचा नेहमी उलटा पडे. राही सूप हलवी की पाटी कोरी. पावसाळ्यापर्यंत तिला माझे पान वाचता येऊ लागले. ठमाबाई म्हणे, "झाली का गं शाळा, मास्तरीनबाय?" आणि आपलाही जन्माचा महिना कुठला, हे हळूच विचारून जाई.

त्याआधीच, चैत्रात पाडवा आला तेव्हा मी जुना झालो होतो. धर्माजीने मला खाडीत सोडायला उचलले, तर राहीने हात धरला. "यावर बाईंनी लिहिलंय!" असा मी वाचलो.

पुढच्या वर्षी अर्जात 'मीठ' लिहिले. पत्र आले ते दाराला खिळ्याने ठोकले. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्यावर पडू दिली. रोज सकाळी मनुबाई नव्या पंचांगात तारीख पाहून दारावर कोळशाची एक रेघ ओढी. धर्माजी आपली पेरे मोजी, आणि मग दोघे एकमेकांना विचारून घेत. परीक्षेच्या आदल्या दिवशीच बापलेक मुंबईला गेले आणि नात्यातल्या माणसांकडे राहिले. मीठ कसे होते, हे मुलाखतीत विचारले तेव्हा राहीने गुरुजींच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत सांगितले. विसाच्या यादीत तिचे नाव अठरावे होते. मनुबाईने त्या अठरावर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

तर बाळांनो, मोठ्या शाळेला अर्ज कराल तेव्हा आलेला कागद स्वतः वाचा, दोनदा वाचा, आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. घरचे काम लपवू नका. तुम्हाला जे खरे येते ते बहुधा तिथलेच असते. चुकलात तर चूक सांगा. त्याने दार उघडेलच असे नाही, पण पुढच्या वेळी त्याच दारात ताठ उभे राहता येते. आणि आईबापांची मोजायची रीत वेगळी असली तर तिला हसू नका. तिच्या शेजारी आपली तारीख लिहा.

राही गेली. मी मनुबाईपाशी राहिलो. आता मला बांधून ठेवत नाहीत. राहीची पत्रे माझ्या पानांत असतात आणि दिवसातून चारदा मी उघडतो. दोरा त्यामुळेच उसवला. पहिल्या सुट्टीआधी आलेले पत्र माघाच्या पानात आहे, हळदीच्या बोटाशेजारी: 'आये, मी दोन तारखेला येते. बाला सांग, पंचमी आहे. भरती पावणेचारला. मी पंचांगात बघून लिहिलंय.'

धर्माजी दोन वाजताच मोऱ्याला जाऊन उभा राहिला होता. मनुबाईही गेली, अनंताला कडेवर घेऊन. त्याच्या अंगात लाल खणाचे नवे झबले होते. माझे फडके मी लगेच ओळखले.