तिसऱ्या मजल्याखालची जाळी

माझ्या सासूबाई सर्कशीत होत्या, हे मी लखनौत आपण होऊन कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग वाघाबद्दल विचारतात. सासूबाईंचा वाघाशी काही संबंध नव्हता, त्या झुल्यावरच्या. वाघाचा पिंजरा त्यांना माहीत तो कपडे वाळत घालायची जागा म्हणून. तिथून साडी पळवायची कुणाची छाती होत नसे. एकदा वाघानेच एक परकर आत ओढला आणि त्यावर झोपायला लागला. तेव्हापासून तो परकर वाघाचाच धरला गेला.

तर ही चंद्रप्रभाबाई, जिने तंबूच्या शेंड्याखाली डोळे बांधून उड्या मारल्या, ती गेल्या महिन्यात अलीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये पायपुसण्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात उभ्या राहिल्या तर चालतील, नाहीतर अंथरुणाला खिळतील. माझा नवरा समीर रेल्वेत इंजिनियर. त्याने वॉकर आणला, त्याचे नट आवळले आणि आपलं काम संपलं असं समजून ऑफिसला गेला. राहिले मी.

सासूबाई उठेनात. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज येई, दोन्ही हात पुढे करी आणि गोड आवाजात "उठिए अम्माजी" म्हणे. सासूबाई त्या हातांकडे बघत आणि मान फिरवत. त्यांचं म्हणणं, पोरगी पंजा धरते. पंजा घामाने निसटतो, धरायचं ते मनगट. तिने मनगट धरलं, तर पकड कच्ची. समीरची पकड कच्ची. माझी तर काय, पोळपाट-लाटण्याची! मला असा राग आला म्हणून सांगू. या घरात मी आजवर काय काय उचललंय ते माझं मला ठाऊक. पण आजारी माणसाशी भांडणार कसं? आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ही बाई आडवी पडलेली मला बघवत नव्हती.

शेवटी त्याच म्हणाल्या, "जयसिंगला बोलवा."

जयसिंगकाका म्हणजे त्यांचे झेलणारे. सासूबाई आपला झुला सोडून हवेत यायच्या आणि काका पलीकडच्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटे लटकून त्यांची मनगटं पकडायचे. पुढे सर्कस मोडली तेव्हा तंबू नेमका लखनौत होता. मलिहाबादच्या एका बागवाल्याला उंचीला न भिणारा माणूस हवा होता. काका गेले आणि आंब्यांचेच झाले. आम्ही इथे बदलून आल्यापासून दर उन्हाळ्यात दशहरीची पेटी घेऊन येतात. पेटी जमिनीवर ठेवतात, मग सासूबाई ती उचलतात. त्यांनी काकांना चहा द्यायचा तोही स्टुलावर ठेवून. या हातातून त्या हातात काही म्हणजे काही नाही. मला आधी वाटलं, जुनं भांडण असेल. मग वाटलं, या वयात कसलं आलंय सोवळं!

सोवळं नव्हतं, सर्कशीचा नियम होता. झेलणाऱ्याने उडणारीचा हात जमिनीवर धरायचा नाही. जमिनीवर धरला की वर सुटतो. या नियमापायी दोघांचं लग्न राहिलं, हे मला त्या आठवड्यात कळलं. लग्नात हात हातात द्यावा लागतो ना. म्हणून लग्नच झुल्यावर लावायचं ठरलं. मिरजेचे एक भटजी तयारही झाले, पण दोरीच्या शिडीवर थोडं चढले नाहीत तोच त्यांना घेरी आली. खालून टाकलेल्या अक्षता वरपर्यंत पोचेनात, त्या सगळ्या हत्तीच्या डोक्यावर. मुहूर्त गेला तो गेलाच. सर्कशीच्या सामानाचे डबे ज्या रेल्वे क्लार्ककडे बुक व्हायचे, त्याने पुढे सासूबाईंना मागणी घातली. ते माझे सासरे. फार भला माणूस. पायजमा घालतानासुद्धा भिंतीला धरायचे.

जयसिंगकाका दुसऱ्या दिवशी आले. पंच्याऐंशी उलटलेला माणूस, तिन्ही जिने चढून आला आणि दारात हात पाठीमागे बांधून उभा राहिला. आता त्यांनी हात द्यायचा आणि सासूबाईंनी उठायचं, एवढंच तर होतं. पण नाही. नियम म्हणजे नियम.

"आता तुम्हाला वर कुठे जायचंय, हात सुटायला?" मी विचारलं.

"वर तर जायचंच आहे की, सूनबाई," काका म्हणाले.

माझा आवाज चढणार तेवढ्यात सासूबाईंनीच तोड काढली. ही जमीन कुठे आहे, म्हणाल्या, हा तर तिसरा मजला. काका बाल्कनीत गेले, एक डोळा मिटून बराच वेळ खाली बघत राहिले आणि येऊन म्हणाले, उंची बरोबर आहे, झुला एवढाच असायचा. मी सुटकेचा श्वास टाकला. तर म्हणतात, "आणि जाळी?"

जाळीशिवाय त्यांच्या मास्तरांनी खेळ कधी होऊ दिला नव्हता. मी समजावून पाहिलं. मधे स्लॅब आहे, स्लॅबखाली श्रीवास्तवजींचं घर आहे, माणूस पडला तरी जाळीपर्यंत पोचणार कसा?

"जाळी पडायला नसते, सूनबाई," काका शांतपणे म्हणाले. "जाळी असली म्हणजे झुला सोडायचा धीर होतो."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. ते बघितलं आणि मी मुकाट्याने जिना उतरले.

श्रीवास्तवजी पक्के लखनौचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, का म्हणून विचारलं नाही. जाळी सोफ्यावर बांधावी की जेवायच्या टेबलावर, एवढंच विचारलं आणि आपलं छत जरा ठेंगणं असल्याबद्दल माफी मागितली. मलिहाबादहून आंब्यांवर टाकायची मोठी जाळी आली. माझा मुलगा वरद आणि श्रीवास्तवजी स्टुलांवर चढून खिडक्यांच्या गजांना ती बांधत बसले. वरदने वर येऊन सांगितलं, "दादी, नेट लग गया. एकदम टाइट है."

काकांनी मनगटांना टाल्कम पावडर चोळली आणि डबा पलंगावर ठेवला. सासूबाईंनीही चोळली. फिजिओथेरपीवाली मुलगी तोंडाचा आ करून बघत होती. मग काकांनी हात पुढे केले आणि हलकेच "हप्" म्हटलं. सासूबाईंनी कड सोडली. चार मनगटं एकमेकांत अडकली आणि त्या उभ्या राहिल्या. अशा ताठ, की मला त्या आयुष्यात पहिल्यांदाच उंच दिसल्या. मी पदर डोळ्यांना लावला, लाजले नाही.

"शाबाश अम्माजी," मुलगी वॉकर पुढे सरकवत म्हणाली. "अब छोड़ दीजिए अंकल, इनको वॉकर पकड़ने दीजिए."

खेळ तसाच असतो. झेलायचं, एक झोका द्यायचा आणि उडणारीला परत तिच्या झुल्याकडे सोडायचं.

"सोड," सासूबाई म्हणाल्या. काकांनी सोडलं नाही. "जयसिंग, सोड रे."

"रोज दोन खेळ, दोन्ही वेळेला सोडलं," काका म्हणाले. "आता नाही सोडत."

सासूबाईंनी एक पाऊल टाकलं. काका पाठमोरे मागे सरकले. मग दुसरं. असे दोघं स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. वॉकर आपला खोलीच्या मध्यभागी उभा.

संध्याकाळी मी काकांना विचारलं, ऑटो किती वाजता सांगू. ते पलंगाशी खुर्चीवर बसले होते, सासूबाईंचं मनगट हातात. म्हणाले, खाली जमीन आहे, उतरलो तर सोडावं लागेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"विनीता, श्रीवास्तवांना सांग," त्या म्हणाल्या, "जाळी राहू दे."

मी खाली गेले. श्रीवास्तवजी जाळीखाली वाकून जेवत होते. किती दिवस, त्यांनी अदबीने विचारलं. मी म्हटलं, दोघांपैकी एकाला खांद्यावरून खाली नेईपर्यंत. त्यांचा घास हातातच राहिला.

"तब तो रहने दीजिए," ते म्हणाले. "भगवान करे, बहुत दिन रहे."